पाठीमागची टेकडी

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आम्ही कित्येक वर्षे ग्रंथ चाळावयास जात असू. १९१७ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेच्या मागेच विधि महाविद्यालयाची टेकडी आहे. ती ठाऊक नव्हती असे नाही. परंतु आमचे तोंड पोथीकडे आणि पाठ टेकडीकडे! पाहुणे आले की त्यांस पर्वती दाखवावी, सुटी लागली की महाबळेश्वर गाठावे, हा आमच्या घरचा शिरस्ता.

गेल्या माघात नातीने हट्टच धरला. "आजोबा, गच्चीत येरझारा घालण्यापेक्षा टेकडीवर चला ना!" ती वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. निघालो. दोन ठिकाणी दम घ्यावा लागला, एवढेच. प्रथम लागली ती गिरिपुष्पाची दाटी. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले, वनखात्याने लावलेले. पुढे पानांवाचून नुसत्या पिवळ्या फुलांनी लगडलेला गणेर दिसला. नंतर नात एका निष्पर्ण झाडापाशी थांबली. त्याची राखी-हिरवट साल कागदासारखी सुटत होती. खोडास नाक लावले, तो डिंकाचा धुपासारखा गंध आला.

"ही सालई," ती म्हणाली.

सालई! म्हणजेच सल्लकी! उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात, सीतेने हत्तीच्या पिलास स्वहस्ते जिची कोवळी पालवी भरविल्याचा उल्लेख आहे, तीच ही. तीस वर्षे आम्ही वर्गात 'सल्लकी म्हणजे हत्तीस प्रिय असा वृक्षविशेष' असे सांगून पुढचा श्लोक घेत होतो. वृक्षविशेष हा शब्द मोठा सोयीचा. झाड ठाऊक नसले की तो उपयोगी पडतो. एकाही मुलाने 'ते कोठे पाहावयास मिळेल?' असे विचारले नाही. विचारले असते, तर आम्ही खुशाल दंडकारण्याकडे बोट दाखविले असते, आणि झाड मात्र शाळेपासून अर्ध्या कोसावर उभे!

वर वेताळाचे देऊळ आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० फूट, म्हणजे शहरातील सर्वांत उंच जागा. नैर्ऋत्येस सिंहगड स्पष्ट दिसत होता. पर्वती येथून अगदी खुजी वाटते. नातीने आमचे घर शोधावयास सांगितले, ते सापडेना. पूर्वी आमच्या माडीवरून ही टेकडी दिसे. पुढे समोर इमारत उठली, आणि तिला आम्ही वर्षानुवर्षे बोल लावीत आलो. आमचा वाडा पाडून सहा मजले चढले, तेव्हा मागच्या बिऱ्हाडांची टेकडी आम्हीच झाकली, हे तेथे उभे असताना ध्यानात आले. त्या करारावर सही आमचीच आहे.

२०२३ च्या एप्रिलात, ह्या टेकडीवरील नियोजित रस्ता व बोगदे नकोत म्हणून पुणेकर मोर्चाने निघाले होते. आम्ही ती बातमी वाचून पान उलटले होते. उतरताना नातीस हे सांगितले. ती काही बोलली नाही. ओढणीने घाम पुसून पुढे चालू लागली.

सालईस नवी पालवी मृगाच्या पावसानंतर येते म्हणे. तेव्हा शेजारच्या दोघा संस्कृतच्या मुलांना घेऊन पुन्हा चढावयाचे ठरले आहे. भवभूतीची प्रत नात पिशवीत घेणार आहे, काठी आम्ही.