कॅमेरा घेण्याआधी तांदूळ मोजा

आईचं सहस्रचंद्रदर्शन झालं तेव्हा घरात नवाकोरा कॅमेरा होता. शाळेची अजिंठ्याची सहल आणि घरचा हा सोहळा, दोन्ही एकाच महिन्यात आले म्हणून मोठ्या हौसेनं घेतलेला. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: २० मेगापिक्सेल, ३० पट झूम. दुकानात शेजारीच दुसरा कॅमेरा होता. त्याचेही मेगापिक्सेल २०च, झूम मात्र जेमतेम तीन पट, आणि किंमत चांगलीच जास्त. साहजिकच मी पहिला उचलला. कमी पैशात जास्त मिळत असेल तर कोण सोडतं?

अजिंठ्याला वाघूर नदीचं वळण आणि तो नालेच्या आकाराचा कडा यांचे फोटो झकास आले. लेण्यांच्या आत फ्लॅश वापरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण आतल्या अंधुक उजेडात काढलेला एकही फोटो वर्गात दाखवण्याजोगा निघाला नाही. घरी, ट्यूबलाइट मालवून सुना-नातींनी आईला निरांजनांनी ओवाळलं, त्या वेळचे चौदा फोटो आहेत. चौदाही फोटोंत आईचा चेहरा तेलाचं बोट फिरवल्यासारखा दिसतो. सुरकुत्या नाहीत, डोळ्यांतली चमक नाही. आई आता नाही. तो दुसरा कॅमेरा महाग का होता, हे विज्ञानाची शिक्षिका असूनही मला तेव्हा उमगलं नव्हतं. नंतर जे कळलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात आपल्याच डोळ्यांपासून करू. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. (लक्स हे प्रदीपनाचं एकक.) ट्यूबलाइट लावलेल्या बैठकीच्या खोलीत तो १०० ते २०० लक्स असतो, म्हणजे पाचशे ते हजार पटींनी कमी! निरांजनांच्या उजेडात तर त्याहूनही कमी. आपल्याला मात्र अंगणातून घरात आल्यावर इतका फरक पडल्यासारखं वाटत नाही. बाहुली मोठी होते, दृष्टिपटल सरावतं आणि मेंदू सगळं सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला अशी सवलत नाही. त्याला प्रकाश अक्षरशः गोळा करावा लागतो.

हिशेब करून पाहा. १०० लक्सच्या खोलीत, बऱ्यापैकी मोठ्या भिंगातून, मूळ संवेदनशीलतेवर (आयएसओ १००) नीट उजळ चित्र हवं असेल तर शटर सुमारे १/५ सेकंद उघडं राहायला हवं. तेवढ्यात नातू हात हलवतो, आजी मान वळवते. माणसांची हालचाल गोठवायची तर शटर १/१२५ सेकंदात मिटलं पाहिजे, म्हणजे प्रकाश पंचविसाव्या हिश्श्याएवढाच मिळणार. मग कॅमेरा आयएसओ वाढवतो. पण आयएसओ वाढवल्यानं प्रकाश वाढत नाही, फक्त आलेल्या क्षीण संकेताला पंचविसानं गुणलं जातं. रेडिओवर दूरचं स्टेशन लावून आवाज मोठा केला की गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, तसाच हा प्रकार.

ही खरखर येते कुठून? निकृष्ट यंत्रामुळे, असं बरेचजण सांगतील. थोडी तशीही येते, पण मोठा भाग खुद्द प्रकाशाच्या स्वभावातून येतो. हे वर्गात दाखवता येतं आणि त्याला फक्त मूठभर तांदूळ लागतात.

एका मोठ्या कार्डशीटवर २ सेंटिमीटर बाजूच्या चौकटी आखा, उभ्या २० आणि आडव्या २०. एकूण ४०० चौकटी झाल्या. साधारण १,६०० तांदूळ (मोहरी नको, घरंगळते) थोड्या उंचीवरून, हात सगळीकडे फिरवत, जमेल तितके सारखे भुरभुरा. चौकटीमागे सरासरी चार दाणे पडले. आता मुलांना गट पाडून प्रत्येक चौकटीतले दाणे मोजायला सांगा. सगळ्याच चौकटींत चार दाणे निघणार नाहीत. कुठे दोन, कुठे सहा, एखादीत नऊ, आणि सात-आठ चौकटी चक्क रिकाम्या! पेरणारा हात एकच, तरी शेजारच्या दोन चौकटींत इतकी तफावत.

आता १६ लहान चौकटींची एक मोठी चौकट माना आणि बेरजा करा. २५ मोठ्या चौकटी मिळतील, प्रत्येकीत सरासरी ६४ दाणे. फरक इथेही दिसेल, पण तो साधारण आठाचा. ५६ किंवा ७२, असा. चारामागे दोनाची चूक म्हणजे ५० टक्के, ६४ मागे आठाची चूक म्हणजे साडेबारा टक्के. यादृच्छिक पडणाऱ्या कणांची चूक त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते, हा नियम मुलांना आकड्यांतून आपसूक सापडतो. (हात एकीकडे जास्त फिरला तर फरक याहून मोठा येईल. त्यावर चर्चा करण्यातही मजा आहे.)

तांदळाच्या जागी प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, आणि चौकटीच्या जागी पिक्सेल ठेवा. भिंगाच्या मागे सिलिकॉनची एक पातळ चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लाखो चौकटी आखलेल्या असतात आणि प्रत्येक चौकट तिच्यात पडलेल्या फोटॉनांची मोजदाद करते. आईच्या गालाचा रंग सगळीकडे सारखाच होता, पण एका चौकटीत कमी कण पडले, शेजारच्या चौकटीत जास्त. त्यामुळे चित्र कणीदार झालं. ती कणी झाकायला कॅमेऱ्यातल्या संगणकानं शेजारच्या चौकटींची सरासरी घेतली आणि कणीबरोबर सुरकुत्याही पुसल्या. तेलाचं बोट ते हेच.

तेव्हा खरा प्रश्न चौकटी किती हा नाही. त्यांच्यात दाणे किती पडतात, हा आहे. २० मेगापिक्सेल म्हणजे दोन कोटी चौकटी, पण केवढ्या कागदावर आखलेल्या? माझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, तुरीच्या डाळीएवढा. क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर. शेजारच्या कॅमेऱ्यातला १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ ११६ चौरस मिलिमीटर, म्हणजे चौपट. शिवाय त्याच्या भिंगावर एफ/१.८ लिहिलं होतं, माझ्या भिंगावर एफ/३.३. हा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले भिंगाच्या छिद्राचा व्यास. भाजक मोठा तर भागाकार लहान, म्हणून आकडा लहान तितका प्रकाश जास्त, आणि तो वर्गाच्या प्रमाणात. ३.३ भागिले १.८, त्याचा वर्ग केला की ३.४ च्या आसपास येतो. चार गुणिले ३.४ म्हणजे त्या ‘कमी’ कॅमेऱ्यात सुमारे चौदा पट प्रकाश गोळा होत होता. वर्गमुळाच्या नियमानं त्याची खरखर पावणेचार पटींनी कमी. खोक्यावर मात्र दोघांचेही आकडे सारखेच!

सेन्सरचा आकार खोक्यावर कधी लिहिलेला असतो, पण तो अशा भाषेत की गोंधळच व्हावा. लहान सेन्सरला १/२.३ इंच म्हणतात आणि मोठ्याला १ इंच. आता १३.२ × ८.८ च्या आयताचा कर्ण पायथागोरसनं काढा. १६ मिलिमीटरही भरत नाही आणि इंच तर २५.४ मिलिमीटरचा! हा इंच जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीचा आहे. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असला तर आतली चित्र पकडणारी जागा १६ मिलिमीटरच्या आसपास असे. नळ्या गेल्या, माप राहिलं. म्हणून विकत घेताना माहितीपत्रकात मिलिमीटर शोधावेत, इंच नव्हेत.

मग मेगापिक्सेलला काहीच अर्थ नाही का? आहे, पण फार लवकर पुरे होणारा. ६ × ४ इंचांची प्रत छापायला इंचामागे ३०० ठिपके धरले तर १,८०० × १,२०० म्हणजे २२ लाखांहून कमी ठिपके लागतात. भिंतीवर लावायला ए-४ आकाराची प्रत हवी तरी ९० लाखांत भागतं. जगातला पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानं जुळवला, तेव्हा त्यात १०० × १०० म्हणजे अवघे दहा हजार ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. त्या काळात ठिपके वाढवणं ही खरोखरच प्रगती होती. आज तोच आकडा जाहिरातीत मिरवत राहिला आहे, एवढंच.

झूमचीही गोष्ट अशीच. जो झूम भिंगं पुढेमागे सरकवून होतो तोच खरा, डिजिटल झूम म्हणजे कापलेलं चित्र ताणणं. दुप्पट डिजिटल झूम केलात की सेन्सरचा चौथा हिस्साच वापरात राहतो. पण भिंगाच्या खऱ्या ३० पट झूममध्येही एक मेख आहे. पूर्ण लांबवल्यावर माझ्या कॅमेऱ्याचं भिंग एफ/६.४ वर येतं. लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचं विवर्तन होतं, त्यामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही, तिची चकती होते. चकतीचा व्यास = २.४४ × तरंगलांबी × एफ आकडा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर धरून गुणाकार केला की उत्तर ८.६ मायक्रोमीटर येतं. माझ्या सेन्सरवरची चौकट आहे १.२ मायक्रोमीटरची. एकेक बिंदू सात चौकटी रुंद पसरला, तर त्या दोन कोटी चौकटींचा उपयोग काय? इथे कंपनीला दोष देऊन उपयोग नाही, हा निसर्गनियम आहे. पक्षी, शिखरावरचं देऊळ किंवा स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून रंगमंच टिपायचा असेल तर लांब झूम घ्यावा, पण तो उन्हातला सोबती आहे हे समजून.

घरगुती फोटोंना उलट टोक जास्त कामाचं. आपल्या खोल्या लहान, माणसं पुष्कळ. एक इंची सेन्सरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या भिंगावर ८.८ मिलिमीटर हे नाभीय अंतर कोरलेलं असतं. सेन्सरची रुंदी १३.२. समरूप त्रिकोणांनी १३.२ भागिले ८.८ म्हणजे १.५. फोटो काढणारी भिंतीला पाठ टेकून अडीच मीटरांवर उभी राहिली तर तिला पावणेचार मीटर रुंदीचं दृश्य मिळतं, दहाजणांचं कुटुंब दाटीवाटीनं मावतं. जाहिरातीत याला ‘२४ मिलिमीटर’ म्हणतात, जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबानं. तिथे ३५ लिहिलेलं असेल तर तेवढ्याच अंतरावरून २.६ मीटरच मिळतील आणि कडेचे काका कापले जातील.

आता सगळेजण विचारतात तो प्रश्न. खिशात मोबाइल असताना वेगळा कॅमेरा हवाच कशाला? तुरीच्या डाळीएवढ्या सेन्सरचा हवा असेल तर माझं उत्तर आहे, नकोच. चांगल्या मोबाइलांतले सेन्सर आता त्याहून मोठे आहेत. शिवाय मोबाइल एका दाबात पाठोपाठ अनेक चित्रं घेतो आणि ती एकावर एक रचतो. म्हणजे त्याच चौकटींवर पुन्हापुन्हा मूठ भुरभुरतो! स्थिर देखाव्याला ही युक्ती छान लागू पडते. धावत्या मुलाला कमी, कारण दर मुठीला मूल दुसऱ्या चौकटीत असतं. कॅमेऱ्यातल्या ‘थरथर-रोधक’ सोयीचंही तसंच. ती आपला हात सावरते, नातवाचा नाही. वेगळा कॅमेरा घ्यायचा तो एक इंची किंवा त्याहून मोठ्या सेन्सरचा आणि भिंगाचा झूम असलेला. नवा परवडत नसेल तर चार-सहा वर्षं वापरलेला पाहावा. क्षेत्रफळ जुनं होत नाही. फक्त भिंग आत-बाहेर नीट सरकतं का, आत धूळ आहे का आणि बॅटरी अजून मिळते का, हे तपासावं. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही, ती फार लवकर बदलतात.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. दुकानदार कॅमेरा दिव्यांच्या झगमगाटात हातात देतो, तिथे सगळेच कॅमेरे गुणी वाटतात. फ्लॅश बंद करा आणि काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एखाद्या मासिकाचं पान धरून त्याचा फोटो काढा. मग सोबत आलेल्या माणसाला त्याच अंधुक जागी बसवून बोलतं करा आणि बोलताना चार फोटो घ्या. मागे झूम लावून नाही, जवळ जाऊन. दुसऱ्या कॅमेऱ्यानंही तेच करा. घरी मोठ्या पडद्यावर पानावरची बारीक अक्षरं वाचता येतात का आणि माणसाच्या भुवईचे केस सुटे दिसतात का, एवढं पाहा. दुकानदार थोडा कुरकुरेल. माझा कुरकुरला होता, पण काढू दिले त्यानं.