चालत्या गाडीचा ठाव घेणारे गणित

१६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली. आज नौपाड्यातील घरातून निघण्यापूर्वीच लोकल कोठे आहे, हे आपण मोबाइलवर पाहतो. परंतु उपग्रहांच्या संकेतांवरून कळणारे स्थान काही मीटरने चुकते. पारसिक बोगद्यात शिरलेल्या गाडीला तर संकेतच मिळत नाहीत. मग ठाव कसा घ्यावा?

हंगेरीत जन्मलेले अभियंते रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली अमेरिकेत यावर एक रीत मांडली. समजा, ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी १० सेकंदांत १०० मीटर पुढे जाईल, असे आपले अनुमान आहे. संवेदक मात्र १३० मीटर सांगतो. अनुमानाला संवेदकाच्या दुप्पट वजन दिले, तर उत्तर ११० मीटर येते. ही झाली भारित सरासरी. हे वजन कायमचे नसते. बोगद्यात केवळ अनुमानावर विसंबावे लागते, त्यामुळे अनिश्चितता क्षणोक्षणी वाढते. गणित तिचाही हिशेब ठेवते. म्हणूनच बाहेर पडताच मिळालेल्या पहिल्या नोंदीला अधिक वजन दिले जाते आणि अनुमान दुरुस्त होते.

अनुमान वा नोंद, कोणतेही एक अंतिम न मानता पुराव्यानिशी स्वतःला सुधारत राहणे, हे या रीतीचे मर्म होय. अपोलो यानांना चंद्राची वाट दाखविताना हीच रीत उपयोगी पडली. तिचे बीज शालेय सरासरीत आहे. आपल्या मुलामुलींनी तिला परके मानू नये.