कचेरीच्या सावलीतील वडीलधारे

इ.स. १३९८ मध्ये, मृत्यूला काही महिनेच उरले असताना, मिंग घराण्याचा संस्थापक झू युआनझांग याने गावोगावच्या रयतेसाठी एक्केचाळीस कलमांचा जाहीरनामा काढला. घरगुती कलह, सोयरिकी, जमिनी, मारामाऱ्या अशी भांडणे कोणीही थेट सरकारी कचेरीत नेऊ नयेत, ती आधी गावातल्या 'लाओरेन' म्हणजे वृद्धांपुढे मांडावीत, असा त्यातला मुख्य हुकूम होता. गावाला डावलून जो वर जाईल त्याची फिर्याद खरी की खोटी हे पाहायचेच नाही. आधी साठ फटके द्यायचे आणि मग प्रकरण त्याच वृद्धांकडे परत पाठवायचे. एकशे दहा घरांच्या प्रत्येक गटात पन्नाशी ओलांडलेले, लोकांचा विश्वास असलेले तीन, पाच किंवा दहा जण या कामासाठी निवडावेत, त्यांनी गटप्रमुखांसह बसून निवाडा करावा आणि लागल्यास वेताचा मारही द्यावा. मात्र त्यांना तुरुंग ठेवता येणार नव्हता. दिवस मावळेपर्यंत निकाल लागला नाही तर दोन्ही पक्षांना घरी सोडायचे आणि सकाळी पुन्हा बोलवायचे. हा सम्राट गरीब शेतकऱ्याचा मुलगा होता, १३४४ च्या दुष्काळात आणि साथीत त्याचे आईबाप गेले होते. सरकारी कारकून आणि प्यादे गरिबाला कसे नागवतात हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. कचेरीची पायरी चढावीच लागू नये, या त्याच्या हट्टामागे तो अनुभव होता.

या वृद्धांविषयी दोन समजुती फार पसरलेल्या आहेत. पहिली अशी की कन्फ्यूशियसच्या शिकवणीमुळे चिनी माणूस मुळातच खटल्याला नाखूष, म्हणून तो वडीलधाऱ्यांकडे जाई. दुसरी अशी की सम्राट दूर होता, गाव आपला कारभार आपणच पाहत असे आणि वृद्धांचा न्याय हा त्या स्वयंपूर्ण गावाचा न्याय होता. दोन्ही समजुती ऐकायला गोड आहेत आणि कागदपत्रांपुढे दोन्ही टिकत नाहीत. माझे म्हणणे असे की चिनी गावातल्या मध्यस्थाच्या शब्दाला वजन होते ते त्याच्या पाठीमागे कचेरी उभी होती म्हणून. आणि या व्यवस्थेचे जे रूप टिकले, ते हाती छडी दिलेल्या वृद्धाचे नव्हते. ज्याच्या हातात केवळ शब्द, ओळख आणि पत उरली होती, त्या मध्यस्थाचे होते. (आपला 'पंच' हा शब्द येथे मी मुद्दाम टाळतो. त्या शब्दाबरोबर एकत्र बसून निर्णय देणाऱ्या मंडळाचे चित्र येते. इथला माणूस बहुतेक वेळा या घरातून त्या घरात खेपा घालत असे.)

आधी कचेरीकडे पाहू. प्रशासनाचा सर्वांत खालचा टप्पा म्हणजे 'श्येन'. सोयीसाठी त्याला तालुका म्हणू. मिंगनंतरच्या छिंग घराण्याच्या काळात असे सुमारे तेराशे तालुके होते. १८५० च्या आसपास देशाची लोकसंख्या त्रेचाळीस कोटींच्या घरात गेली होती. म्हणजे सरासरीने तीन लाखांहून अधिक माणसांमागे एक अधिकारी, आणि कर, पोलीस, न्याय, दुष्काळनिवारण हे सारे त्याच्याच शिरावर. नियमानुसार त्याला स्वतःच्या प्रांतात नेमता येत नसे आणि एका जागी तो तीन वर्षांहून अधिक क्वचितच राही, त्यामुळे पुष्कळदा त्याला तिथली बोलीही कळत नसे. दिवाणी फिर्यादी महिन्यातल्या ठरावीक तिथींनाच स्वीकारल्या जात, आणि चांद्र पंचांगाच्या चौथ्या महिन्यापासून सातव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत, शेतीच्या हंगामात, त्या मुळीच घेतल्या जात नसत. शिवाय कारकुनांना आणि प्याद्यांना पगार नाममात्र, म्हणून कागद पुढे सरकवायला पैसे, समन्स बजावायला पैसे, प्यादे गावात आले की त्यांच्या जेवणाचेही पैसे. अशा कचेरीला मध्यस्थ हवेच होते. त्यांच्यावाचून तिचे चाक फिरलेच नसते.

म्हणून कोणी म्हणेल की कचेरी इतकी महाग आणि दुर्मीळ असताना सामान्य माणसाच्या लेखी ती नसल्यासारखीच असणार. तसे मुळीच नव्हते. सिच्वानमधील बाश्येन तालुक्याच्या, म्हणजे आजच्या छोंगछिंग परिसराच्या, जुन्या दप्तरात एक लाखाहून अधिक प्रकरणे शिल्लक आहेत, आणि त्यांतले फिर्यादी मोठे जमीनदारच नाहीत. कर्ज बुडालेला दुकानदार, वाटणीत फसवला गेलेला भाऊ, सासरच्यांनी जमिनीवरून हुसकलेली विधवा अशी माणसे तिथे भेटतात. 'आमच्या तालुक्यातले लोक फार खटलेबाज' ही तक्रार अधिकाऱ्यांच्या लेखनात इतक्या वेळा येते की 'निर्वाद समाज' हा आदर्श होता, वर्णन नव्हे, हे मान्य करावेच लागते. गरीब माणूसही कचेरीची धमकी देऊ शकत होता, आणि समोरचा ती धमकी गांभीर्याने घेत होता.

आता १३९८ च्या वृद्धांचे काय झाले ते पाहू. वयोवृद्धांना मान देऊन त्यांना राज्याशी जोडून घ्यायचे, ही कल्पना झू युआनझांगच्या कितीतरी आधीची. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग याने इ.स.पूर्व २०५ मध्येच प्रत्येक मंडलात पन्नाशीवरचा एक 'सानलाओ' नेमून त्याला वेठबिगारीतून सूट दिली होती. पदाबरोबर सवलत आली की पदाचे गिऱ्हाईकही बदलते. जाहीरनाम्याला पुरती तीन दशकेही झाली नसताना, १४२५ मध्ये, सिच्वानमध्ये फिरतीवर असलेल्या एका राजनिरीक्षकाने दरबाराला कळवले की वृद्ध म्हणून नेमलेले बरेच लोक या कामाला नालायक आहेत, काही तर नोकरचाकरांतले असून वेठ चुकवण्यासाठी या पदावर चढले आहेत आणि पदाच्या जोरावर गावाला छळतात. सतराव्या शतकातला विद्वान गू यानवू याने ही तक्रार आपल्या टिपणांत नोंदवली. ज्याला मारण्याचा अधिकार मिळाला त्याला गावाने पुढारी मानण्याऐवजी सरकारचा आणखी एक प्यादा मानले, यात मला नवल वाटत नाही.

याला एक वजनदार आक्षेप आहे. दक्षिण आन्ह्वेइतील ह्वेइझोउ या डोंगराळ भागात व्यापारी घराण्यांनी जपलेले करारपत्र, वाटणीपत्र, समेटपत्र असे कागद प्रचंड संख्येने सापडले आहेत. त्यांवरून दिसते की पंधराव्या शतकात तिथले वृद्ध खरोखर निवाडे करत होते, आणि ही व्यवस्था जन्मताच मेली नव्हती. हे मी मान्य करतो. पण त्याच कागदांत वृद्ध एकटे क्वचितच दिसतात. त्यांच्या बरोबरीने भाऊबंद असतात, व्यवहाराचे साक्षीदार असतात, आणि पुष्कळदा कचेरीनेच त्यांना बांध पाहून या, सीमा मोजून या म्हणून पाठवलेले असते. सोळाव्या शतकात सरकारी वृद्ध मागे पडले तरी समेट थांबले नाहीत, त्यांची जागा भाऊबंदांनी आणि मध्यस्थांनी सहज घेतली. पद गळून पडल्यावरही काम चालूच राहत असेल, तर ते काम त्या पदावर उभे नव्हते.

ते कशावर उभे होते हे जमिनीच्या दस्तात दिसते. चीनमध्ये जमिनीचा व्यवहार 'झोंगरेन' म्हणजे मधल्या माणसाशिवाय होत नसे. तो किंमत जुळवी, सीमा दाखवी, खतावर आपले नाव घाली, आणि पुढे वाद निघाला की पहिली हाक त्यालाच जाई. वादही ठरलेलेच. 'द्येन' नावाच्या व्यवहारात जमीन ताबेगहाणासारखी दुसऱ्याकडे जाई आणि पैसे परत केले की सोडवता येई. दरम्यान किंमत वाढली की मूळ मालक येऊन वरचा फरक मागे, एकदा नव्हे तर अनेकदा. १७३० च्या कायद्याने यावर बांध घालायचा प्रयत्न केला: खतात कायम विक्रीचा स्पष्ट उल्लेख नसेल तर एकदाच फरक मागता येईल. पण तो फरक किती, हे कायद्याच्या पुस्तकात नव्हते. ते मधल्या माणसाला ठाऊक होते, कारण शेजारचे शेत कितीला गेले, या घरात यंदा लग्न आहे की मर्तिक, आणि समोरचा किती ताणून धरेल हे तोच जाणत होता. असा माणूस निकाल देत नसे. तो आधी एकाच्या ओट्यावर बसे, मग दुसऱ्याच्या. इकडचे कठोर शब्द तिकडे मऊ करून सांगे. अखेरीस ज्याची चूक जास्त त्याने माफी मागायची, जेवण घालायचे, कुठे गावासाठी नाटकमंडळी आणवायची. छंगदूसारख्या शहरांत भांडण चहाच्या दुकानात सगळ्यांदेखत मांडले जाई आणि हरणाऱ्याने साऱ्या मंडळींच्या चहाचे पैसे द्यायचे. दंड छोटा असे, पण तो चारचौघांत भरावा लागे.

माणसाची अब्रू राखून त्याची चूक त्याच्या पदरात घालणे ही यातली खरी कारागिरी, आणि ती तत्त्ववेत्त्यांनीही ओळखली होती. १५२० च्या सुमारास दक्षिण ज्यांगशीत बंडाळी मोडल्यावर तत्त्ववेत्ता आणि सेनापती वांग यांगमिंगने तिथल्या गावांसाठी 'श्यांगयुए' म्हणजे ग्रामकरार रचला. त्यात सभेपुढे चुका नोंदवायच्या होत्या, पण कोणाला सरळ दोषी म्हणायचे नव्हते. अमक्याचे थोरल्या भावाशी वागणे थोडे उणे पडते असे कानावर आले आहे, आमचा अजून विश्वास बसत नाही, तूर्त लिहून ठेवतो, अशा धाटणीची भाषा त्याने घालून दिली. सैन्य घेऊन आलेल्या सेनापतीने इतका नाजूक शब्द निवडावा हे मला विलक्षण वाटते.

कचेरी आणि गाव यांचे नाते किती घट्ट होते याचा सर्वांत भक्कम पुरावा इतिहासकार फिलिप ह्वांग यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. त्यांनी बाश्येन, बीजिंगजवळचे बाओदी आणि तैवानमधील दानश्वेइ-शिनझू या तीन ठिकाणची ६२८ दिवाणी प्रकरणे तपासली. त्यांतली केवळ २२१ प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत पोहोचली. १२६ मध्ये बाहेर समेट झाल्याची नोंद आहे, आणि अनेक प्रकरणांचे कागद मध्येच थांबतात. फिर्याद दाखल झाली की अधिकारी तिच्यावर शेरा लिही: हे पटत नाही, मूळ खत हजर करा, किंवा आरोपात तथ्य दिसते. तो शेरा लोकांना कळे, आणि वारे कुठल्या बाजूचे आहे ते ओळखून गावात मध्यस्थांच्या खेपा पुन्हा सुरू होत. काल दहा ताएल चांदीला हटून बसलेला माणूस आज सातावर येई. जपानी विद्वान शिगा शूझो यांचे मत असे होते की अधिकारीही मूलतः थोरला मध्यस्थच होता, कायद्यापेक्षा समजुतीने प्रकरण मिटवणारा. गुन्हेगारीबाहेरच्या वादांत अधिकाऱ्यांच्या उपदेशाचा सूर पाहिला तर हे मत सहज पटते. पण सुनावणी झालेल्या त्या २२१ प्रकरणांपैकी १७० मध्ये अधिकाऱ्याने एका बाजूच्या पारड्यात सरळ निकाल टाकला आहे. सुनावणीला उभे राहिलो तर संपूर्ण हरू शकतो, ही भीती खरी होती. तीच भीती मध्यस्थाचे भांडवल होती.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे: समेट बलवानाच्या सोयीचा असतो. तो बऱ्याच अंशी खरा आहे. वंशाच्या पूर्वजमंदिरात बसणारे वडीलधारे विधवेच्या वाट्याकडे दिरांच्या डोळ्यांनी पाहत, कारण ते स्वतः त्याच दिरांचे चुलते असत. अठराव्या शतकातल्या क्वांगतुंग, सिच्वान आणि शानतुंग येथील खुनांच्या खटल्यांत असे कितीतरी वाद आहेत, जिथे मध्यस्थी झाली, ती कोणी मानली नाही आणि बांधावरच कुदळ डोक्यात बसली. फूच्येन आणि क्वांगतुंगमध्ये वंशावंशांच्या सशस्त्र लढाया पेटत, तेव्हा तेच वडीलधारे आपल्या बाजूची फळी उभी करत. हे झाकून या व्यवस्थेचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल. तरी एवढे नोंदवले पाहिजे की सासरच्यांनी लुबाडलेली विधवा दप्तरात आपल्याला भेटते ती कचेरीपर्यंत आली म्हणूनच, आणि तिची फिर्याद दाखल झाल्यावर कधीकधी तेच वडीलधारे तिच्या हिश्शाचा कागद करून देताना दिसतात. जिथे कचेरीपर्यंत पोहोचताच येत नसे, तिथे मध्यस्थ तिच्या बाजूने बोलेल असे मानायला आधार नाही.

समेट झाल्यावर प्रकरण बंद करण्याची विनंती करणारा अर्ज येई. तो पुष्कळदा वादी-प्रतिवादींचा नसे, नातेवाईक आणि शेजारी यांचा असे. हे भांडण डोळ्यांदेखत पाहवले नाही, दोघांना बोलावले, हिशेब बसवला, आता दोन्ही बाजूंची तक्रार नाही, अशा मजकुराखाली त्यांची नावे येत. अधिकारी मंजुरीचे दोन शब्द लिही आणि कागद बांधून ठेवला जाई. पण वाद पुन्हा पेटला तर पहिला जाब अर्जाखाली नाव घालणाऱ्यांना विचारला जाणार हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असे, आणि म्हणून त्या नावांतला एखादा म्हातारा पुढच्या पेरणीच्या वेळी बांधाकडे एक फेरी मारून येई.