२५ ते २९ अंशांमधलं मीठ

पेण-उरणच्या किंवा भाईंदर-वसईच्या खाडीकाठी मिठागर बघताना काम सोपं वाटतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, उरेल ते मीठ गोळा करायचं. पण खाडीचं पाणी असं एकाच वाफ्यात शेवटपर्यंत आटवलं तर हाती लागेल तो गाळ, जिप्सम, मीठ आणि मॅग्नेशियमचे क्षार यांचा कडवट, ओलसर गोळा. तो आमटीत घालता येणार नाही. पाणी घालवायचं काम ऊन करतं. आगरी माणसाचं कसब आहे ते क्षारांमधून नेमकं मीठ निवडण्यात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं खायचं मीठ साधारण २७ ग्रॅम. बाकीचे बहुतेक मॅग्नेशियमचे क्षार, त्याखालोखाल कॅल्शियम सल्फेट, थोडं पोटॅशियम. खाडीचं पाणी असल्यामुळे वर गाळ. शाळेच्या पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत भेटणारी मिश्रणं उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, एकत्रच आत येतात: गाळाचं विषमांगी आणि विरघळलेल्या क्षारांचं समांगी.

गाळ वेगळा करायला फार कष्ट पडत नाहीत. पहिल्या मोठ्या तळ्यात पाणी स्थिर ठेवलं की ते निवळतं, आणि खारं पाणी गोड्यापेक्षा लवकर निवळतं. मातीच्या अतिबारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. क्षारांचे धन आयन हा भार झाकून टाकतात, कण एकमेकांना धरतात आणि जड होऊन तळाशी बसतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की होतं तेच हे.

विरघळलेल्या क्षारांना मात्र ना फडकं अडवतं, ना गाळणी. तिथे पाणीच उडवावं लागतं आणि ते फार महाग काम आहे. एक किलो मीठ मिळवायला निदान ३७ लिटर पाणी घालवायला हवं. चुलीवर हे करायचं म्हटलं आणि उष्णता जराही वाया गेली नाही असं धरलं, तरी जवळजवळ दोन किलो स्वयंपाकाचा गॅस जळेल. म्हणून वाफे उथळ आणि पसरट ठेवायचे, म्हणजे ऊन आणि वारा हेच काम फुकट करतात.

यापुढचा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. पाणी आटत जातं तसे क्षार एकदम बाहेर पडत नाहीत, ओळीनं पडतात. १८४९ मध्ये युसिलियो या इटालियन रसायनशास्त्रज्ञानं भूमध्य समुद्राचं पाणी सावकाश आटवून हा क्रम नोंदवला. पाणी निम्म्यावर आलं की थोडासा चुना बसतो. पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम बसू लागतं. मीठ दिसायला पाणी दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरावं लागतं. मॅग्नेशियमचे क्षार त्याच्याही नंतर. प्रत्येक क्षाराची विरघळण्याची मर्यादा वेगळी, त्यामुळे प्रत्येकाची पाळी वेगळी.

मिठागराची रचना या पाळ्यांवरच बेतलेली असते. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकवतात आणि त्याची घनता बोमे अंशांत मोजतात. समुद्राचं पाणी तीन-साडेतीन अंशांचं असतं. जिप्सम आधीच्या वाफ्यांच्या तळाशी मागे राहतं. २५ अंशांच्या आसपास पाणी संपृक्त झालं की ते शेवटच्या वाफ्यात घेतात. तिथे पांढरे दाणे धरू लागतात. आणि २९ अंशांच्या सुमारास थांबतात. वाफ्यात पाणी अजून असतं, त्यात मीठही असतं, तरी ते काढून टाकतात, कारण तिथून पुढे कडूपणा मिठात शिरायला लागतो. हाताशी आलेलं सोडून द्यायचं, हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण.

त्या कडूपणाचा हिशोब कोकणातल्या स्वयंपाकघरात कळतो. शुद्ध मिठाला पाणी सुटायला हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता लागते. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरते. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर ते जवळजवळ बाराही महिने पाझरत राहणार. म्हणून ओढून काढलेलं मीठ लगेच पोत्यात भरत नाहीत. राशी करून निथळू देतात. चांगलं मीठ धुतातही, आणि तेही मिठाच्याच संपृक्त पाण्यानं. त्या पाण्यात आणखी मीठ विरघळायला जागा नसते. मॅग्नेशियमला मात्र असते. इतकी साधी आणि इतकी अचूक युक्ती मला रसायनशास्त्रात फार थोड्या ठिकाणी दिसली आहे.

हे सगळं उभं असतं तळाच्या मातीवर. पावसाळा सरला की बांध दुरुस्त करायचे, चिकणमातीचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा. तळ कच्चा राहिला तर महिनाभर जमवलेलं घट्ट पाणी जमिनीत मुरतं, नाहीतर मीठ ओढताना मातीही येते. या श्रमाचा मोबदला नेहमीच तोकडा राहिला, आणि मुंबईसारख्या शहरात जमिनीचा भाव मिठाच्या भावाच्या कितीतरी पुढे गेल्यावर मिठागरं मागे हटत गेली. एके काळी याच मिठाचं मोल वेगळं होतं: १९३० मध्ये शिरोड्याच्या आणि वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्या मिठावरच्या हक्कासाठी.

राहता राहिलं ते २९ अंशांपुढचं कडू पाणी. त्याला टाकाऊ म्हणायला मी तयार नाही. फ्रान्समध्ये माँपेलिए इथे बालार या तरुणानं १८२६ मध्ये मिठागराच्या अशाच पाण्यातून ब्रोमीन हे मूलद्रव्य शोधून काढलं. जपानात सोयाबीनच्या दुधाचं टोफू करायला मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असलेलं हेच कडू पाणी वापरतात. भावनगरला १९५४ पासून मीठ आणि सागरी रसायनांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे; या पाण्यातून पोटॅशचं खत काढण्याची पद्धतही तिनं विकसित केली आहे. भारत पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून आणतो.