मनुष्याचा देहगंध

महाभारतातील सत्यवतीची कथा मराठी श्रोत्यांस नवी नाही. कोळ्याच्या घरी वाढलेल्या या मुलीच्या अंगास माशांचा वास येई, म्हणून तिचे नाव मत्स्यगंधा; पुढे पराशर ऋषींच्या वराने तोच देह सुगंधी झाला व लोक तिला योजनगंधा म्हणू लागले. यमुनातीरी हिंडत असलेला शंतनु राजा तिच्याकडे ओढला गेला तो प्रथम रूप पाहून नव्हे. त्यास आधी सुवास आला, आणि त्याचा माग काढीत तो तिच्यापाशी जाऊन पोहोचला. माणसाच्या अंगाच्या वासाने माणूस खरोखरच असा ओढला जातो काय, या प्रश्नाचा छडा लावण्याचा यत्न अलीकडे शास्त्रज्ञांनीही केला आहे.

हा वास मुळात येतो कोठून? घामास वास असतो, असा सर्वसाधारण समज आहे. पण तो अर्धाच खरा. उन्हाळ्यात अंग थंड ठेवणाऱ्या ज्या घर्मग्रंथी शरीरभर पसरलेल्या आहेत, त्यांचा घाम म्हणजे बहुतांशी खारे पाणी. काखेत व जांघेत मात्र निराळ्या जातीच्या ग्रंथी असतात. त्या बालपणी निद्रिस्त असून वयात येण्याच्या सुमारास जाग्या होतात. लहान मुलाच्या घामास मोठ्या माणसाच्या घामासारखा उग्र दर्प नसतो तो यामुळेच. परंतु या ग्रंथींचा ताजा स्रावदेखील जवळजवळ निर्गंध असतो! त्वचेवर वस्ती करून राहिलेले सूक्ष्म जंतू त्याचे विघटन करतात, आणि त्यातून जी आम्ले व गंधकयुक्त द्रव्ये निपजतात ती नाकास जाणवतात. तेव्हा देहगंध हा एकट्या देहाचा नव्हेच; देह आणि त्याचे बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू यांची ती भागीदारी होय. चीन, जपान व कोरिया या देशांतील बहुसंख्य लोकांत एका जनुकातील अल्पशा फरकामुळे हा वास फारच थोडा असतो. गंमत अशी, की त्याच फरकामुळे त्यांच्या कानांतील मळही ओलसर नसून कोरडा असतो.

आकर्षणासंबंधीचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९९५ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे क्लाउस वेडेकिंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. ४४ तरुणांस सुती सदरे देऊन ते लागोपाठ दोन रात्री अंगात घालून निजावयास सांगितले. त्या अवधीत अत्तर, वासाचे साबण, उग्र वासाचे पदार्थ वर्ज्य होते. मग ४९ तरुणींस प्रत्येकी सहा सदरे हुंगावयास देऊन कोणता वास कितपत सुखद वाटतो ते विचारले. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या शरीरयंत्रणेत 'आपले कोण व परके कोण' हे ओळखणारी काही जनुके असतात. ज्या पुरुषाची ही जनुके आपल्याहून भिन्न, त्याचा सदरा तरुणींस अधिक रुचला. इतकेच नव्हे, तर तो वास त्यांना आपल्या प्रियकराची आठवण करून देणारा वाटला. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र निकाल उलटा आला. भिन्न जनुकांच्या जोडप्याची संतती अधिक रोगांशी सामना देऊ शकेल, असा यावर तर्क लढविण्यात आला. गोत्र जुळत नाही ना हे पंचांगवाल्यास विचारण्याऐवजी नाकासच विचारावे, असे कोणास सुचल्यास नवल नाही!

पण घाई करणे बरे नव्हे. पुढील काही प्रयोगांनी या निकालास दुजोरा दिला, काहींनी दिला नाही. आणि २०२० साली अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा माणसाची आवड निश्चितपणे भिन्नतेकडे झुकते असे आढळले नाही. १९५९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी सुमारे ५ लाख रेशमी पतंगांपासून एक द्रव्य वेगळे काढले. त्याच्या सूक्ष्म अंशाने नर मादीकडे धाव घेतो. त्या तोडीचे द्रव्य मनुष्याच्या ठिकाणी अद्याप सिद्ध झालेले नाही. त्याच्या नावावर जी 'मोहिनी' अत्तरे विकली जातात, त्यांत मोहिनी असलीच तर ती जाहिरातीत आहे.

माणसाचे नाक पतंगासारखे आज्ञाधारक नाही. त्यास मनाचा सल्ला लागतो. ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच वास लोकांस दोनदा दिला, एकदा 'चीज' अशा चिठ्ठीसह व एकदा 'अंगाचा वास' अशा चिठ्ठीसह. पहिल्या वेळी तो बरा वाटला, दुसऱ्या वेळी नकोसा! आपल्याच देहाविषयीची ही शिसारी काही अंशी शिकविलेली आहे, आणि शिकविणाऱ्यांत व्यापारीही आहेत. १९१९ साली अमेरिकेत 'ओडोरोनो' नामक घामरोधकाच्या जाहिरातीने स्त्रियांच्या मनात अशी धास्ती घातली, की तुमच्या काखेचा वास तुम्हांस कळत नाही, परंतु भोवतालच्यांस कळतो. त्या काळी ती इतकी असभ्य वाटली, की कित्येक वर्गणीदारांनी ते मासिकच बंद केले. औषधाचा खप मात्र वाढला. अशा धास्तीने आजही पुष्कळ तरुण-तरुणी निष्कारण खंत करीत बसतात. स्नान व धुतलेले कपडे यांपलीकडे निरोगी देहास फारसे काही नको असते.

देहगंधाची ओढ सर्वांत निःसंशय दिसते ती प्रियकर-प्रेयसीत नव्हे, तर बाळंतिणीच्या खोलीत. अवघ्या सहा दिवसांचे अर्भक दोन बाजूंस दोन मातांच्या स्तनांवरील कापडाचे तुकडे ठेवले असता आपल्या आईच्या तुकड्याकडे अधिक वेळ तोंड वळविते. आणि आईसही आपल्या बाळाने घातलेला कपडा इतर बाळांच्या कपड्यांतून, न पाहता, नुसत्या वासावरून बहुधा ओळखता येतो.