काला अंबचं आकाश आणि स्वतः वळणारी दुर्बीण

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौज कापली गेली, त्या दिवशी पॅरिसचा खगोलनिरीक्षक शार्ल मेसिए याच्या धुरकट वस्तूंच्या यादीत दोनच नोंदी होत्या. पहिली १७५८ मधली, वृषभेच्या शिंगाच्या टोकाजवळ दिसणारा धुरकट डाग, म्हणजे आजचा खेकडा तेजोमेघ. दुसरी १७६० च्या सप्टेंबरातली, कुंभेतला एक गोलाकार तारकागुच्छ. आज शंभराच्या वर गेलेली ती यादी हौशी निरीक्षकाला तोंडपाठ असते आणि कोणत्याही संगणकीय दुर्बिणीच्या रिमोटमध्ये पहिल्या पानावर असते.

पानिपतानंतर दोनच दिवसांनी पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. शुक्राचं सूर्यावरून होणारं अधिक्रमण तिथून पाहण्यासाठी फ्रान्सहून निघालेल्या ल जाँतील या खगोलनिरीक्षकाला त्यामुळे किनाऱ्यावर उतरताच आलं नाही. ६ जूनला त्यानं ते समुद्रावर, जहाजातूनच पाहिलं. आकाश स्वच्छ होतं, शुक्र दिसला, पण हलत्या जहाजाचं नेमकं स्थान आणि नेमकी वेळ हाती नसल्यानं त्या निरीक्षणाचा गणिताला उपयोग झाला नाही. पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबच्या परिसरात दुर्बीण मांडताना मला हा माणूस हटकून आठवतो. आपण कुठे उभे आहोत आणि किती वाजलेत, हे ठाऊक असल्याशिवाय आकाश वाचता येत नाही. हे सांगण्याचं काम माणसाकडून यंत्राकडे कसकसं गेलं, तोच हा मागोवा.

मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी १७६० च्या ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, तेव्हा सवाई जयसिंगाचं जंतर मंतर तिथे उभं होतं. त्यातल्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत दिल्लीच्या अक्षांशाएवढ्याच कोनात, सुमारे साडेअठ्ठावीस अंशांत, बांधलेली आहे. म्हणजे जागेचा पत्ता चुन्यादगडातच बसवला आहे. ते यंत्र उचलून पुण्याला नेलं तर चुकीचं ठरेल. पुढे विषुववृत्तीय बैठकीच्या दुर्बिणी आल्या, त्यांचंही तत्त्व हेच. अक्ष ध्रुवाकडे रोखायचा आणि मग वर्तुळांवरचे आकडे जुळवत वस्तू शोधायची.

आपल्याकडच्या हौशी मंडळींची खरी शाळा मात्र आकड्यांची नव्हती. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये आला, त्या लाटेत मुंबईचं खगोल मंडळ उभं राहिलं आणि वांगणीच्या आकाशदर्शनाच्या रात्री सुरू झाल्या. तिथे शिकवलं जायचं ते नकाशा आणि डोळा यांच्या जोरावर. ओळखीच्या ठळक ताऱ्यापासून निघायचं, शोधक दुर्बिणीत पुढचा मंद तारा धरायचा, तिथून पुढचा, आणि असं करत तेजोमेघापाशी पोचायचं. या पद्धतीनं आकाश हाताखालून जातं. एका रात्रीत दहा गोष्टी कमी दिसल्या तरी त्यांच्यामधली वाट कायमची लक्षात राहते.

त्याच दशकाच्या शेवटी अमेरिकेत सेलेस्ट्रॉन कंपनीनं संगणकावर चालणारी दुर्बीण बाजारात आणली. १९९२ मध्ये मीडची एलएक्स-२०० आली आणि स्वतः वळणारी दुर्बीण हौशी माणसाच्या अंगणात पोचली. १९९९ च्या सुमारास छोट्या ईटीएक्स आणि नेक्सस्टार दुर्बिणी आल्या, किंमत उतरली, आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून त्या भारतातही शिरू लागल्या.

या दुर्बिणीला फार थोडं सांगावं लागतं, पण जे सांगायचं ते चोख. जागा, तारीख, वेळ, आणि मग दोन तारे. काला अंबसाठी अक्षांश सुमारे २९.४ उत्तर, रेखांश ७७ पूर्व. तारीख बहुतेक यंत्रांत अमेरिकन पद्धतीची, महिना आधी. १४ जानेवारी उलटी टाकली तर यंत्र स्वीकारतच नाही, कारण चौदावा महिना नसतो. ५ फेब्रुवारी उलटी टाकली की मात्र ते निमूटपणे २ मे धरतं आणि दुर्बीण भलतीकडे वळवतं. घड्याळ चार मिनिटं चुकलं तर पहिल्या ताऱ्याकडे वळताना जवळजवळ एक अंशाचा फरक पडतो. दोन पूर्णचंद्र शेजारी मावतील एवढी ही जागा.

मग तारे. पुण्याहून आलेला माणूस इथे सवयीनं अगस्ती निवडायला जातो. पुण्यात तो क्षितिजापासून जवळजवळ १९ अंश वर चढतो, पानिपतात मात्र जेमतेम आठ. हिवाळ्याच्या धुरकटात तो असून नसल्यासारखा, शिवाय इतक्या खालचा तारा जुळणीला वाईटच. ध्रुव मात्र इथे पुण्यापेक्षा अकरा अंश जास्त उंच मिळतो. माझी निवड ठरलेली असते. ब्रह्महृदय आणि व्याध, किंवा रोहिणी आणि पुनर्वसू; दोन्ही ठळक, दोन्ही एकमेकांपासून पुरेसे दूर.

तारा मधोमध आणणं हा यातला सगळ्यात नाजूक भाग आहे आणि लोक तोच उरकून टाकतात. आधी कमी वर्धनाच्या नेत्रिकेत तारा पकडावा, मग जास्त वर्धनाची नेत्रिका लावून पुन्हा मध्यावर आणावा. सेलेस्ट्रॉनच्या यंत्रांत शेवटचा सरकवा नेहमी वरच्या आणि उजव्या बटणानंच द्यावा, असा नियम आहे. तारा पुढे गेला तर परत मागे येऊन पुन्हा त्याच दिशेनं आणावा. कारण गिअरच्या दातांमध्ये थोडी ढिलाई असते. दुर्बीण स्वतः वळते तेव्हा ती शेवटी एकाच बाजूनं येऊन थांबते. आपणही त्याच बाजूनं आलो, तर दात एकाच अंगाला टेकलेले राहतात आणि मोजणी जुळते. एवढं पाळलं की पुढची वस्तू नेत्रिकेच्या मधल्या भागात येते. नाही पाळलं, तर प्रत्येक वस्तू कडेला किंवा कडेबाहेर. दोष यंत्राला दिला जातो आणि दुर्बीण माळ्यावर जाते.

काळाचा हिशेबही ते यंत्र मुकाट्यानं करतं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे ताऱ्यांचे आकडे वर्षागणिक सरकतात. पानिपताच्या वेळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून जवळजवळ दोन अंश दूर होता. आज तो पाऊण अंशाच्या आत आहे. यादीतले आकडे सन २००० चे असतात. दुर्बीण त्यांना आजच्या तारखेवर आणूनच वळते.

पुढचे टप्पे झरझर झाले. २००० च्या मे महिन्यात अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि लवकरच दुर्बिणीच्या पोटात जीपीएस आलं. जागा आणि वेळ सांगायचं काम संपलं. मग कॅमेऱ्यानं घेतलेल्या चित्रातल्या चार-चार ताऱ्यांच्या आकृत्या ओळखून दुर्बीण कुठे रोखली आहे हे ठरवणारी पद्धत रूढ झाली. २०२० मध्ये ती मोबाइलवर उतरली, आणि २०२३ मध्ये सीस्टार एस-५० सारखी पन्नास मिलिमीटर भिंगाची पेटी आली. ती तारे ओळखते, वळते, वस्तू मध्यावर आणते आणि फोटोही जमवते. दोन तारे निवडायचं कामही संपलं. संशोधनाच्या पातळीवर आपल्याकडे हे २०१८ मध्ये घडलं होतं. लडाखमधल्या हानले इथली ग्रोथ-इंडिया ही ७० सेंटिमीटरची दुर्बीण आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था मिळून चालवतात, आणि ती रात्रभर आपोआप निरीक्षणं घेते.

जुनी मंडळी याला फसवणूक म्हणतात. वांगणीच्या अंधारात बसून तसं म्हणता येतं. काला अंबला पानिपत शहराचे दिवे, रिफायनरीची लाली आणि महामार्ग यांच्यामधून वर पाहिलं की तिसऱ्या-चौथ्या प्रतीपलीकडे तारे उरत नाहीत. सप्तर्षींच्या वरच्या अंगाला मेसिएच्याच यादीतल्या एम-८१ आणि एम-८२ या जोड दीर्घिका आहेत, सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षं दूर. फाल्गुनातल्या संध्याकाळी त्या इथे पन्नास अंश वर असतात, पुण्यापेक्षा चांगल्या उंचीवर. पण त्यांच्याकडे नेणारा जवळचा तारा साडेचार प्रतीचा आहे, तो इथे डोळ्यांना दिसतच नाही. पायरीच गायब, तर वर चढायचं कसं? संगणकीय दुर्बिणीला मात्र दोन ठळक तारे पुरतात. दिल्लीभोवतीच्या एनसीआरमध्ये राहणाऱ्या माणसासाठी ही चैन नाही, आकाशाकडे जायचा हाच रस्ता उरला आहे. माझं मत या बाबतीत पक्कं आहे.

माझी तक्रार फक्त शेवटच्या पायरीबद्दल आहे. दोन तारे स्वतः निवडून मध्यावर आणायचे, एवढं तरी माणसाकडे राहायला हवं. तेवढ्यानंही ब्रह्महृदय कुठलं, व्याध कुठला, हे मुलांना दरवर्षी नव्यानं पाहावं लागतं. सगळंच पेटीनं केलं तर आकाश मोबाइलच्या पडद्यावरचं एक चित्र होऊन बसतं.

दर १४ जानेवारीला शौर्य दिनासाठी महाराष्ट्रातून आणि हरियाणातल्या रोड मराठा गावांतून माणसं काला अंबला येतात. दुपारी सभा होते, आणि अंधार पडायच्या आत गाड्या परतीला लागतात. त्या दिवसांत धुकं फार, हे खरं. पण हिवाळी पाऊस होऊन गेला की एक-दोन रात्री आकाश धुतल्यासारखं मिळतं. येणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी अशी दुर्बीण पडून आहे, त्यांनी ती गाडीत टाकावी आणि आयोजकांना विचारून संध्याकाळी दोन तास थांबावं. खेकडा तेजोमेघ तेव्हा पूर्वेला उंच चढलेला असतो. दोन तारे मुलांनाच निवडू द्यावेत, आणि रेखांश-अक्षांशही त्यांनाच टाकू द्यावेत.