मोटेगीचा उतार आणि ब्रेकची परीक्षा

जपानमधलं मोटेगीचं सर्किट होंडानं १९९७ साली सुरू केलं. लांबी सुमारे ४.८ किलोमीटर. नकाशात पाहिलं तर काहीसं रटाळ: सरळ पट्टा, आवळलेलं वळण, पुन्हा पट्टा, पुन्हा वळण. पण ब्रेकवर काम करणारे मेकॅनिक धसका घेतात तो अशाच ट्रॅकचा.

शर्यतीची मोटरसायकल ताशी ३०० किलोमीटरवरून १०० वर आली, तर वेग दोन तृतीयांशानं घटतो, पण गतिज ऊर्जा नऊ भागांतले आठ भाग टाकून द्यावी लागते. यातली बहुतेक ऊर्जा पुढच्या चाकाच्या दोन कार्बन डिस्कमध्ये उष्णता होऊन शिरते. एखाद्याच वळणावर हे घडलं तर डिस्क वाऱ्यानं निवते. मोटेगीत निवायच्या आत पुढचं वळण येतं. कमाल वेगाचे आकडे टीव्हीवर झळकतात, खरी मेख मात्र दोन ब्रेकमधल्या अंतरात असते.

त्यात अकरावं वळण उताराच्या टोकाला. उतारावर गुरुत्वाकर्षण गाडीला पुढेच ढकलतं, भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक जमीन सोडू पाहतं. लीव्हर आणखी दाबून उपयोग नाही, गाडी पालथी होईल. म्हणून रायडरला ब्रेक लवकर धरावा लागतो. मोटेगीत एरवीच्या ३२० ऐवजी ३४० मिलिमीटरच्या डिस्क वापरणं २०१४ पासून सक्तीचं झालं, ते उगाच नाही. या डिस्क पुरवणाऱ्या ब्रेम्बोचा एक कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. तिथं अर्थात आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांचे ब्रेक बनतात.

ऑस्ट्रियाचा रेड बुल रिंगही याच जातीचा. २३ ऑगस्ट २०२० रोजी तिथं पहिल्या वळणाकडे येताना रायडर मॅवेरिक विन्यालेसचा ब्रेक गेला. दोनशेच्या वर वेग असताना त्यानं गाडीवरून उडी टाकली, गाडी हवेच्या गादीवर आदळून पेटली आणि शर्यत थांबवावी लागली. त्याला मोठी इजा झाली नाही.

ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला दुखणं उलटं. समुद्राचा गार वारा, लांबच लांब वळणं, जोरात ब्रेक मारायच्या जागा मोजक्या. कार्बन अडीचशे-तीनशे अंशांच्या खाली नीट पकडत नाही, त्यामुळे तिथं डिस्क झाकून ऊब टिकवावी लागते. पावसात तर टायरची पकडच कमी, ब्रेक हलका, म्हणून पूर्वी सर्रास स्टीलच्या डिस्क लावत. पण २०१७ साली इटलीतल्या मिसानोत रायडर मार्क मार्केझ भर पावसात कार्बनवरच धावला आणि जिंकला.